दोन्ही तीरांचा खेळाडू : क्लाइव्ह सुलिव्हन

इंग्लंडमधील हल या बंदराच्या शहरातून त्याच नावाची नदी वाहते. रग्बी लीग हा तेरा-तेरा खेळाडूंचा खेळ तेथे अत्यंत लोकप्रिय आहे. नदीच्या पश्चिमेस ‘हल एफसी’ आणि पूर्वेस ‘हल किंग्स्टन रोव्हर्स’ या संघांचे चाहते राहतात. त्यांच्यातील चुरस पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. अशा शहरात दोन्ही तीरांचे प्रेम मिळवणारे खेळाडू म्हणजे क्लाइव्ह सुलिव्हन.

सुलिव्हन यांचा जन्म १९४३ मध्ये वेल्समधील कार्डिफ येथे एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. बालपणी त्यांच्यावर अनेक शस्त्रक्रिया झाल्या. ते नीट चालू शकतील की नाही, याचीही शंका होती. मात्र १९६१ मध्ये ते हल एफसीचे खेळाडू झाले आणि आपल्या वेगाने त्यांनी सर्वांना थक्क केले. १९७२ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटनने विश्वचषक जिंकला. ब्रिटनच्या राष्ट्रीय क्रीडासंघाचे ते पहिले कृष्णवर्णीय कर्णधार होत.

१९७४ मध्ये ते रोव्हर्समध्ये गेले. ३ मे १९८० रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर चॅलेंज चषकाच्या अंतिम सामन्यात हेच दोन संघ समोरासमोर आले. सदतीस वर्षांचे सुलिव्हन आपल्या जुन्या संघाविरुद्ध खेळले. रोव्हर्सने १०-५ असा विजय मिळवला. तरीही जुन्या संघाशी त्यांचे नाते तुटले नाही. ते तेथे परतले आणि १९८२ मध्ये त्या संघाच्या चषकविजयातही सहभागी झाले.

१९८५ मध्ये कर्करोगाने त्यांचे निधन झाले. शहरात येणाऱ्या मुख्य रस्त्याला त्यांचे नाव देण्यात आले. त्या रस्त्याने दोन्ही तीरांचे लोक ये-जा करतात.