सिडनी रिंगर: नळाच्या पाण्यात सापडलेलं कॅल्शियम

घरात कुणी बीपीची गोळी घेत असेल तर स्ट्रिपवर ‘एम्लोडिपिन’ हे नाव तुम्ही वाचलं असेल. माझ्या बाबांच्या डब्यात ती आहे. ही गोळी कॅल्शियमची वाट अडवते. पण कॅल्शियम तर हाडांचं, त्याचा बीपीशी काय संबंध? हा धागा डॉ. सिडनी रिंगर यांच्यापासून सुरू होतो. सलाईनच्या बाटलीवर ‘रिंगर लॅक्टेट’ लिहिलेलं असतं ना, तेच हे रिंगर.

जन्म १८३६, इंग्लंडमधल्या नॉर्विच गावी. नोकरी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलात. औषधोपचारांवरच्या त्यांच्या पुस्तकाच्या बऱ्याच आवृत्त्या निघाल्या. पेशंट बघून उरलेल्या वेळात ते प्रयोगशाळेत असायचे. आपल्या भाषेत साइड प्रोजेक्ट!

बेडकाचं हृदय बाहेर काढून ते मिठाच्या पाण्यावर किती वेळ चालतं, हे ते बघत होते. १८८२ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. मिठाच्या पाण्यात आणखी एकदोन क्षार घातले की ठोके व्यवस्थित चालू राहत होते. नंतर कळलं की ते द्रावण डिस्टिल्ड वॉटरमध्ये नाही, तर लंडनच्या नळाच्या पाण्यात बनवलं होतं. डिस्टिल्ड वॉटर वापरलं तर ठोके मंदावत जाऊन बंद पडायचे. म्हणजे ‘माझ्या लॅपटॉपवर तर चालतंय’ हा प्रॉब्लेम तेव्हाही होता.

नळाच्या पाण्यात होतं कॅल्शियम. बोअरच्या पाण्याने गीझरमध्ये पांढरा थर बसतो, त्यातलंच. शुद्ध पाण्यात ते किंचित घातलं की हृदय पुन्हा धडधडायला लागायचं. रिंगर यांनी १८८३ मध्ये नवा पेपर लिहून आधीची चूक उघडपणे दुरुस्त केली. मला त्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त आदर याच गोष्टीचा वाटतो. गुपचूप पाणी बदलून ते मोकळे झाले असते तर कुणाला कळणार होतं?

आता बीपी. रक्तवाहिनीच्या भिंतीतही स्नायू असतात. त्यांच्या पेशीबाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा जवळपास १०,००० पट जास्त असतं. पेशीच्या कवचातले दरवाजे, म्हणजे चॅनल, उघडले की ते आत घुसतं आणि स्नायू आवळतो. वाहिनी अरुंद होते, दाब वाढतो. बीपी वाढायची कारणं इतरही आहेत, पण वाहिनी आवळण्याचं शेवटचं बटण बहुतेक वेळा कॅल्शियमच दाबतं. एम्लोडिपिन हे दरवाजे उघडणं कमी करते, त्यामुळे वाहिनी सैल पडते. दूध बंद करून मात्र हे साधत नाही, कारण प्रश्न आहारातल्या कॅल्शियमचा नाही, पेशीत शिरणाऱ्या कॅल्शियमचा आहे.

हे दरवाजे औषधाने अडवता येतात हे जर्मनीत आल्ब्रेख्ट फ्लेकेनश्टाइन यांनी दाखवलं, ते १९६० च्या दशकात. त्यांच्या द्रावणात लॅक्टेट घातलं अमेरिकेतल्या ॲलेक्सिस हार्टमन यांनी, १९३० च्या दशकात. रिंगर यांनी यातलं काहीच पाहिलं नाही. १९१० मध्ये यॉर्कशायरमधल्या लास्टिंगहॅम गावात ते वारले.