चाळिशी ओलांडलेला विद्यार्थी

राजुऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी राहणारा माध्यमशाखेचा विद्यार्थी आज हातातल्या मोबाइलवरही चित्रण आणि संकलनाचे प्राथमिक धडे गिरवू शकतो. शंभर वर्षांपूर्वी हेच धडे घेण्यासाठी धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांना आपले सर्वस्व पणाला लावावे लागले होते.

३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे जन्मलेल्या दादासाहेबांनी मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय आणि बडोद्याचे कलाभवन येथे शिक्षण घेतले. छायाचित्रण आणि मुद्रण या दोन्ही कला त्यांना अवगत होत्या. चाळिशीच्या सुमारास मुंबईच्या तंबूतील चित्रपटगृहात त्यांनी ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहिला आणि त्यांच्या आयुष्याला नवे वळण लागले. त्यानंतर ते दररोज तासन् तास चित्रपट पाहू लागले. घरी मेणबत्तीच्या उजेडात भिंगातून चित्रे भिंतीवर पाडून पाहत. या अतिश्रमाने त्यांची दृष्टी गेली. उपचारांनी ती परत येताच त्यांनी पुन्हा तोच ध्यास घेतला.

आयुर्विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून फेब्रुवारी १९१२ मध्ये त्यांनी लंडन गाठले. तेथील चित्रपट-साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांनी त्यांची गाठ निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याशी घालून दिली. हेपवर्थ यांच्या स्टुडिओत त्यांनी सर्व विभागांचे काम जवळून पाहिले. विल्यमसन कॅमेरा, फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र आणि कच्ची फिल्म यांची मागणी नोंदवून ते एप्रिलमध्ये परतले.

मात्र खरे शिक्षण दादरच्या घरी झाले. कुंडीत वाटाणा पेरून त्यांनी रोपाच्या वाढीची रोज थोडी थोडी चित्रे टिपली. महिनाभराच्या या खटाटोपातून जेमतेम मिनिटभराचा 'अंकुराची वाढ' हा लघुपट सिद्ध झाला. काळ कसा आवळावा, हा संकलनाचा मूलमंत्र त्यातून त्यांना गवसला, आणि तो पाहूनच भांडवलदार पुढे आला.

शिकलेली विद्या त्यांनी स्वतःपुरती ठेवली नाही. त्र्यंबक तेलंग यांना त्यांनी कॅमेरा चालवण्यास शिकवले. पत्नी सरस्वतीबाईंनी अंधारात फिल्मला छिद्रे पाडणे, रसायने तयार करणे आणि फिल्म धुणे ही कामे आत्मसात केली. दिवसा चित्रीकरण आणि रात्री फिल्मवरील प्रक्रिया, असा क्रम सुमारे सात महिने चालला. पटकथा, दिग्दर्शन आणि संकलन दादासाहेबांनीच सांभाळले. सुमारे ३७०० फूट लांबीचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला.

पुढे त्यांनी अनेक मूकपट काढले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'चा काही भागच आज शिल्लक आहे. भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक म्हणून त्यांचा गौरव होतो. परंतु त्याआधी ते एक विद्यार्थी होते, आणि त्यांची पहिली परीक्षा एका कुंडीतल्या रोपाने घेतली होती, याचे स्मरण माध्यमांच्या अभ्यासकांनी अवश्य ठेवावे.