मुंबईत प्लेग आलाय, हे महापालिकेत सगळ्यात आधी सांगणारे नगरसेवक डॉक्टर

मुंबईत मेट्रो सिनेमासमोर, धोबी तलावाच्या गर्दीत एक पुतळा आहे. रोज हजारो लोक त्याच्यासमोरून जातात. सिग्नल सुटला की मान वळवून बघायलाही कुणाला वेळ नसतो.

पुतळा आहे डॉक्टर अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांचा.

मुंबईतला प्लेग ओळखणारा डॉक्टर, अशी त्यांची ओळख सांगतात. ती खरी आहे, पण अर्धीच. व्हिएगस नुसते डॉक्टर असते, तर त्यांना दिसलेला रोग कदाचित त्यांच्या दवाखान्यातच राहिला असता. ते महापालिकेचे सदस्यही होते आणि स्थायी समितीत बसायचे. दवाखान्यात दिसलेली गोष्ट त्यांनी तिथे जाऊन सांगितली. पुढचं सगळं महाभारत त्यानंतरचं.

व्हिएगस मूळचे गोव्याचे. १८५६ साली बार्देशातल्या हडफडे गावात त्यांचा जन्म झाला. तेव्हा गोव्यात पोर्तुगीजांचं राज्य होतं आणि शिक्षणासाठी, नोकरीसाठी मुंबई गाठणं ही गोव्यातल्या घराघरातली गोष्ट होती. व्हिएगसही आले, ग्रँट मेडिकल कॉलेजमधून डॉक्टर झाले आणि मांडवीत प्रॅक्टिस करू लागले.

मांडवी म्हणजे बंदराला लागून असलेला, धान्याच्या वखारींचा भाग. खाली गोदाम, वर माणसं. एकेका खोलीत आठ-दहा जण. घरांच्या मधल्या चिंचोळ्या बोळांत उन्हाचा पत्ता नाही. बड्या लोकांचा डॉक्टर व्हायचं तर इथे दवाखाना टाकण्यात काही अर्थ नव्हता.

१८८८ साली व्हिएगस महापालिकेत निवडून आले. मुंबई महापालिकेचा जो कायदा आजही चालू आहे, तो त्याच वर्षीचा. त्यानुसार महापालिकेचे सदस्य होते ७२. त्यातले वॉर्डांमधून निवडून येणारे फक्त ३६, बाकीच्यांत १६ तर थेट सरकारने नेमलेले. मतदानाचा हक्कही पैसेवाल्यांपुरताच. आजच्या हिशोबाने ही कसली लोकशाही, असं कुणीही म्हणेल.

पण त्या कायद्यात एक सोय होती. कारभार सरकारने नेमलेल्या कमिशनरच्या हातात, मात्र तिजोरीच्या चाव्या महापालिकेकडे. रोजच्या कामावर नजर ठेवायला १२ जणांची स्थायी समिती. गटारांपासून दवाखान्यांपर्यंत खर्चाचा हिशोब तिथे विचारता यायचा. कमिशनर आणि त्यांच्या हाताखालचा आरोग्य अधिकारी, दोघांनाही त्या टेबलावर उत्तर द्यावं लागायचं.

१८९६ च्या पावसाळ्यात मांडवीत माणसं मरू लागली.

मृत्यूची नोंद होत होती. पण नोंदीत ताप हा एवढा मोठा रकाना होता की त्यात काहीही खपून जायचं. मलेरियाही ताप, टायफॉइडही ताप. वखारींमध्ये उंदीर मरून पडत होते, त्याची नोंद ठेवायचा तर प्रश्नच नव्हता. आरोग्य खात्याकडे आकडे होते. व्हिएगस यांच्याकडे पेशंट होते. कडक ताप, जांघेत किंवा काखेत गाठ, आणि दोन-चार दिवसांत खेळ खल्लास.

दोनच वर्षांपूर्वी, १८९४ साली हाँगकाँगमध्ये प्लेगने धुमाकूळ घातला होता. प्लेगचा जंतू तिथेच सापडला होता. हाँगकाँगची जहाजं मुंबईत येत होती. व्हिएगस यांनी दोन आणि दोन चार केले.

२३ सप्टेंबर १८९६ रोजी त्यांनी स्थायी समितीत सांगून टाकलं, की मांडवीत गाठीचा प्लेग आहे.

हे बोलणं सोपं नव्हतं. प्लेग हा शब्द अधिकृतपणे बाहेर पडला की परदेशी बंदरं मुंबईची जहाजं अडवणार, कापूस आणि धान्याचा व्यापार बसणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. आरोग्य अधिकारी डॉक्टर वीअर आधी प्लेग म्हणायला कचरत होते, संशयास्पद ताप म्हणत होते. चूक निघाली असती तर घाबरट डॉक्टर म्हणून व्हिएगस यांचं नाव कायमचं गेलं असतं.

सरकारने रशियात जन्मलेल्या हाफकिन यांना कलकत्त्याहून बोलावलं. ऑक्टोबरमध्ये त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं आणि व्हिएगस बरोबर निघाले.

आता करायचं काय? वीअर यांचा राग गटारांवर होता. गटारांत समुद्राचं पाणी आणि कार्बोलिक अ‍ॅसिड ओतलं गेलं, घरं बंबाने धुतली गेली. व्हिएगस यांनी वस्त्या साफ करण्याचा आणि उंदीर मारण्याचा आग्रह धरला. उंदरावरची पिसू हा रोग पसरवते, हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ साली सांगितलं आणि लोकांना पटायला आणखी काही वर्षं गेली. म्हणजे १८९६ साली सगळेच अंधारात चाचपडत होते, फक्त काहींचा हात योग्य जागी पडला.

खरी ठिणगी पडली ६ ऑक्टोबरला. कमिशनर स्नो यांनी हुकूम काढला, की प्लेगचा पेशंट सापडला की त्याला उचलून दवाखान्यात न्यायचं, गरज पडली तर जबरदस्तीने. कायद्याने तो अधिकार त्यांना होता. पण ज्या शहरात दवाखाना म्हणजे बेवारशांची मरायची जागा असं लोक समजत होते, तिथे हा हुकूम निघाला. जात बाटेल, आपल्या माणसाचं तोंडही बघता येणार नाही, ही भीती. वर अफवा, की आत नेऊन माणसाचं तेल काढतात, मोमिआई करतात.

२९ ऑक्टोबरला सुमारे हजार गिरणी कामगार आर्थर रोडच्या हॉस्पिटलवर चालून गेले. दुसऱ्याच दिवशी हुकूम सौम्य करावा लागला. स्नो यांचा हिशोब अगदी व्यवहारी होता. महापालिकेचे सफाई कामगार घाबरून शहर सोडून गेले, तर प्लेग राहिला बाजूला, मुंबईत राहणंच अशक्य होईल. लोक तसेही निघालेच होते. १८९१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सव्वाआठ लाखांच्या आसपास होती, त्यातले लाखो लोक त्या हिवाळ्यात गावाकडे पळाले. त्यांच्यासोबत रोगही गेला.

तोवर हाफकिन ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये, म्हणजे व्हिएगस शिकले त्याच कॉलेजात, लस बनवत होते. १० जानेवारी १८९७ ला त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात प्रयोग झाला आणि लस उपयोगी पडते असं दिसलं. लोकांना सुईची भीती होतीच. पण जो डॉक्टर वर्षानुवर्षं घरी येऊन नाडी बघतो, त्याने सांगितलं तर माणूस दंड पुढे करतो. व्हिएगस यांनी हजारो लोकांना स्वतः लस टोचली.

तिकडे वरच्या पातळीवर वेगळंच चाललं होतं. युरोपातले देश मुंबईचा माल बंद करायच्या गोष्टी करत होते. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. कोरोनाच्या काळात जो कायदा पुन्हा बाहेर काढला गेला, तो हाच. मार्चमध्ये गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी मुंबईतल्या प्लेगचं काम महापालिकेकडून काढून एका समितीकडे दिलं. तिचे अध्यक्ष होते लष्करातले ब्रिगेडियर जनरल गॅटेकर.

हा बदल कागदावर छोटा वाटतो. पण आधी ज्या टेबलावर उत्तर मागता येत होतं, ते टेबलच मधून गेलं. घरोघरी झडत्या सुरू झाल्या, राहण्यास अयोग्य ठरवलेल्या घरांवर यू. एच. एच. अशी अक्षरं रंगवली जाऊ लागली. गॅटेकर यांना एवढं श्रेय द्यावं लागेल, की त्यांनी वेगवेगळ्या समाजांना स्वतःची प्लेग हॉस्पिटलं काढू दिली आणि त्यांच्या पुढाऱ्यांशी बोलणं ठेवलं. पुण्यात रँड यांनी सोल्जर घरात घुसवले. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, तो इतिहास सगळ्यांना पाठ आहे.

पण मुंबईही शांत राहिली नाही. ९ मार्च १८९८ ला मदनपुऱ्यात मुसलमान विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीला तपासण्यावरून दंगल पेटली. त्यानंतर सरकारने जबरदस्ती कमी केली. ज्या घराचा डॉक्टर ओळखीचा, त्या घराचं दार उघडतं, एवढी साधी गोष्ट कळायला दीड वर्ष आणि कित्येक जीव गेले.

त्याच वर्षी सरकारने मुंबईच्या वस्त्या सुधारायला सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. त्याचाही अध्यक्ष सरकारनेच नेमलेला. महापालिकेने गटारं बघावीत, नवे रस्ते आणि चाळी ट्रस्ट बघेल, असा मामला. प्रिन्सेस स्ट्रीटसारखे रुंद रस्ते झाले, हवा खेळू लागली. घरं मात्र जेवढी पाडली गेली, त्यामानाने बांधली गेली नाहीत. उठवलेले गरीब शेजारच्या चाळींत जाऊन कोंबले गेले.

व्हिएगस महापालिका सोडून गेले नाहीत. १९०६ साली ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. महापौर हे नाव यायला अजून २५ वर्षं होती, पण खुर्ची तीच. त्या खुर्चीवर बसलेले ते पहिले भारतीय ख्रिश्चन. प्लेग तेव्हाही गेला नव्हता, दर हिवाळ्यात मुंबईत परत येतच होता.

१९३३ साली व्हिएगस वारले.