हातात फक्त एक खंजिरी होती, तरी इंग्रजांनी तुकडोजी महाराजांना तुरुंगात टाकलं

अमरावती-नागपूर महामार्गावर मोझरी नावाचं गाव लागतं. दरवर्षी आश्विन वद्य पंचमीला इथे लाखो लोक जमतात. दिवसभर भजनं आणि खंजिरीचा आवाज सुरू असतो. मग दुपारचे ४ वाजून ५८ मिनिटं होतात आणि सगळं एकदम थांबतं. एवढ्या मोठ्या गर्दीत कुणी बोलत नाही.

ही मौन श्रद्धांजली असते राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांना. ज्या माणसाने आयुष्यभर गाऊन गावंच्या गावं जागी केली, त्याची आठवण लोक शांत राहून काढतात.

पण भजन म्हणणारे महाराज तर महाराष्ट्रात कितीतरी होऊन गेले. मग तुकडोजींच्या भजनात असं काय होतं की गांधीजींनी त्यांना बोलावून घेतलं, इंग्रजांनी अटक केली आणि पुढे राष्ट्रपतींनी गौरव केला?

गोष्ट सुरू होते अमरावतीजवळच्या यावली गावातून. ३० एप्रिल १९०९ ला इंगळे कुटुंबात एक मुलगा जन्मला. नाव ठेवलं माणिक. वडील बंडोजी, आई मंजुळाबाई. घरची परिस्थिती बेताची होती, त्यामुळे प्राथमिक शाळेच्या पुढे शिक्षण काही गेलं नाही. माणिकचं लक्षही पाटी-पेन्सिलीपेक्षा देवळातल्या भजनात जास्त असायचं.

तिवसा तालुक्यातल्या वरखेडमध्ये तेव्हा आडकोजी महाराज होते. माणिकने त्यांना गुरू मानलं आणि त्यांनीच या पोराचं नाव तुकड्या ठेवलं असं सांगतात. भजन म्हणायचं आणि मिळेल तो भाकरीचा तुकडा खायचा, असे ते दिवस होते. पुढे हेच नाव त्यांनी स्वतःच्या भजनांतही वापरलं. त्यांच्या कितीतरी रचनांमध्ये तुकड्यादास असं नाव येतं.

तरुणपणी ते घरातून बाहेर पडले. रामटेक, सालबर्डी, चिमूरजवळची रामदेगी अशा डोंगर-जंगलांच्या भागात राहिले, साधना केली. तिथून परत आले तेव्हा त्यांच्याजवळ आवाज होता आणि खंजिरी होती.

आता ही खंजिरी म्हणजे काय? एक छोटं लाकडी कडं, त्यावर ताणून बसवलेलं चामडं आणि कडेला धातूच्या चकत्या. एका हातात धरायची, दुसऱ्या हाताने वाजवायची. ठेका आणि झांज, दोन्ही एकाच वाद्यात मिळतं. ना मोठा खर्च, ना सोबत ताफा लागतो. पायी फिरणाऱ्या माणसाला याहून सोयीचं वाद्य सापडणं कठीण. तुकडोजींनी याच खंजिरीवर असा काही हात बसवला की ऐकायला आलेला माणूस जागचा हलायचा नाही.

दुसरी गोष्ट होती भाषेची. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेला होता आणि राजधानी होती नागपूर. या प्रांतात मराठी आणि हिंदी दोन्ही चालायच्या. तुकडोजींनी दोन्ही भाषांत भजनं रचली, त्यांची संख्या हजारोंच्या घरात जाते. त्यामुळे त्यांचं भजन अमरावती-अकोल्याच्या शेतकऱ्याला जेवढं कळायचं, तेवढंच पार रायपूरकडच्या माणसालाही कळायचं.

गर्दी जमायला लागली. गर्दी जमली की महाराज म्हणून बसायचं, चमत्काराच्या गोष्टी पसरू द्यायच्या आणि पाया पडून घ्यायचं, हा रस्ता सोपा होता. तुकडोजींनी १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा केला आणि ही गर्दी कामाला लावायला सुरुवात केली.

१९३६ मध्ये महात्मा गांधींनी त्यांना सेवाग्रामला बोलावलं. तिथे ते महिनाभराच्या आसपास राहिले. यानंतर त्यांच्या भजनांत देवासोबत देशही ठळक होत गेला.

आणि मग आलं १९४२.

चले जावची हाक मुंबईत दिली गेली, पण विदर्भातल्या गावांमध्ये तिचा भडका उडाला. १६ ऑगस्ट १९४२ ला, नागपंचमीच्या दिवशी, चिमूरमध्ये लोक रस्त्यावर उतरले. पोलिसांनी गोळीबार केला, त्यात बालाजी रायपूरकर हा कोवळा पोरगा शहीद झाला. चिडलेल्या जमावाच्या हल्ल्यात सरकारी अधिकारीही मारले गेले. इंग्रजांनी लष्कर पाठवलं आणि गावावर सूड उगवला. वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीतही त्याच दिवशी रक्त सांडलं.

सरकार शोधायला लागलं की एवढ्या लहान गावांमध्ये ही आग आली कुठून? या भागात वर्तमानपत्रं मोजक्याच हातांत पोचायची, वाचता येणारेही कमीच होते. पण भजन सगळ्यांना ऐकू येत होतं. चिमूरच्या परिसरात तुकडोजींची देशभक्तीची भजनं लोकांच्या तोंडात बसली होती. पत्रक जप्त करता येतं, छापखाना बंद करता येतो. लोकांना पाठ झालेलं गाणं कसं जप्त करणार?

मग गाणाऱ्यालाच उचललं. ऑगस्ट संपायच्या आत चंद्रपूरला तुकडोजींना अटक झाली. आधी नागपूर, मग रायपूर, असा तुरुंगवास त्यांना घडला. डिसेंबरमध्ये त्यांची सुटका झाली.

बाहेर आल्यावर तुकडोजींनी श्रीगुरुदेव सेवा मंडळाचं जाळं विणलं. भजन ऐकवून पुढच्या गावाला निघून जायचं असं न करता, मागे एक मंडळ ठेवून जायचं. या मंडळाने रोज संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना घ्यायची. गरीब-श्रीमंत, जात, धर्म असं काही न पाहता सगळ्यांनी एका रांगेत बसायचं. जिथे विहिरीवर आणि देवळात शिवाशिव पाळली जायची, तिथे असं शेजारी बसवणं हीच मोठी गोष्ट होती. सोबत सकाळी ग्रामसफाई, व्यायाम आणि दारूबंदीचा प्रचार.

हा सगळा अनुभव त्यांनी ग्रामगीतेत उतरवला. ४१ अध्यायांचा हा ओवीबद्ध ग्रंथ. ग्रामशुद्धी, ग्रामआरोग्य, श्रमसंपत्ती, महिलोन्नती असे त्यातले विषय बघितले तर लक्षात येतं की हा माणूस मोक्षाआधी गावातल्या नालीचा विचार करत होता. भजनाचा माणसावर काय परिणाम होतो, यावरही त्यात एक वेगळा अध्याय आहे.

१९५५ मध्ये विश्वशांतीच्या परिषदेसाठी ते जपानला गेले, तिथेही खंजिरी सोबत होतीच. राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी त्यांना राष्ट्रसंत म्हणून गौरवलं. १९६२ चं चीन युद्ध आणि १९६५ चं पाकिस्तान युद्ध, दोन्ही वेळी ते सीमेवर जाऊन जवानांसमोर गायले.

पुढे कॅन्सरने गाठलं. ११ ऑक्टोबर १९६८ ला दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी गुरुकुंजातच त्यांनी देह ठेवला. वय होतं ५९. ज्यांचं शिक्षण गावच्या शाळेपुढे गेलं नाही, त्यांचं नाव २००५ मध्ये नागपूर विद्यापीठाला देण्यात आलं.

हे सगळं पाहायचं असेल तर अमरावतीहून एका दिवसात जमतं. गुरुकुंजात महाराजांची समाधी आणि प्रार्थना मंदिर आहे, जवळच दासटेकडी आहे. वरखेडला आडकोजी महाराजांची समाधी आहे. त्याच तिवसा तालुक्यात वर्धा नदीच्या काठी कौंडण्यपूर आहे, ज्याला रुक्मिणीचं माहेर मानतात. यावलीही अमरावतीपासून लांब नाही. फक्त निघताना घाई करू नका, गुरुकुंजात संध्याकाळच्या प्रार्थनेपर्यंत थांबा.

आजही वऱ्हाडातल्या कितीतरी गावांत दिवस मावळला की सतरंजी अंथरली जाते आणि चार पोरं, चार म्हातारी माणसं प्रार्थनेला बसतात.  त्यातली पोरं तुकडोजींच्या निधनानंतर कितीतरी वर्षांनी जन्मलेली आहेत, पण भजनाचा ठेका त्यांना शिकवावा लागत नाही.