संत गोन्सालो गार्सिया : मोहांवर जय मिळवणारे वसईचे सुपुत्र

धर्मग्रामाचा महोत्सव म्हणजे केवळ तोरणे, पताका आणि वाजतगाजत निघणारी मिरवणूक नव्हे. गेलेल्या वर्षांचा हिशोब देवापुढे मांडावा आणि पुढील वाटेसाठी शिदोरी बांधून घ्यावी, असा तो काळ आहे. जुन्या करारातील महोत्सवाच्या वर्षी गहाण पडलेल्या जमिनी मूळ धन्यांस परत मिळत आणि दासांस मोकळीक होई. आज आपल्यापैकी कोणाच्या पायांत दास्याची बेडी दिसत नाही. तथापि पैशाचा लोभ, मानाची हाव, मनात धरून ठेवलेला रुसवा आणि लोक काय म्हणतील याचे भय या चार बेड्या किती जणांच्या पायांत आहेत, हे ज्याचे त्याने आपल्या अंतःकरणात पाहावे. या बेड्या कशा तुटतात हे सांगण्यासाठी आम्ही उपदेशाऐवजी एका माणसाचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत. तो माणूस दूरदेशीचा नव्हे, आपल्याच महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरचा आहे.

संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म सुमारे १५५७ साली वसई येथे झाला. वसईचा मुलूख १५३४ साली गुजरातच्या बहादुरशहाकडून पोर्तुगिजांच्या हाती गेला होता. संत फ्रान्सिस झेवियर यांचे पाय त्या भूमीला लागून गेलेले होते. गोन्सालो यांचे वडील पोर्तुगीज आणि आई याच मातीतली, कोंकणपट्टीची. त्यामुळे बालपणापासूनच त्यांच्या कानांवर दोन भाषा पडल्या आणि दोन जगांमध्ये वावरण्याची त्यांना सवय झाली. वसईच्या किल्ल्यात येशूसंघाचे विद्यालय होते. तेथे त्यांना अक्षरओळख झाली, प्रार्थनेची गोडी लागली आणि दूर पूर्वेकडील देशांत चाललेल्या धर्मकार्याच्या वार्ता ऐकू आल्या.

वयाच्या अवघ्या पंधराव्या वर्षी, १५७२ च्या सुमारास, ते येशूसंघीय धर्मगुरूंबरोबर जपानला गेले. वाचकहो, ज्या वयात आपली मुले घरापासून दूर राहावयास कचरतात, त्या वयात या मुलाने महिनोन्महिन्यांचा समुद्रप्रवास पत्करला. आमच्या पाचगणीस दूरदूरच्या गावांहून मुले शाळांच्या वसतिगृहांत येतात. पहिल्या रात्री उशीत तोंड खुपसून रडणारे मूल ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या प्रवासाचे मोल अधिक कळेल. गोन्सालो यांनी जपानी भाषा अशी आत्मसात केली की, ऐकणाऱ्यास ती त्यांची जन्मभाषाच वाटावी. सुमारे आठ वर्षे त्यांनी धर्मगुरूंचे साहाय्यक म्हणून धर्मशिक्षण दिले, लहानथोरांशी स्नेह जोडला आणि मनात एकच आस धरली. ती म्हणजे येशूसंघात आपला प्रवेश व्हावा.

ती आस पुरी झाली नाही. त्यांना संघात घेतले गेले नाही.

येथे त्यांच्या आयुष्यातील पहिला मोठा मोह उभा राहिला. हा मोह मद्याचा नव्हता, पैशाचाही नव्हता. तो कडवटपणाचा होता. ज्याने तारुण्याची आठ वर्षे देवाच्या कार्याला दिली, त्यालाच दार बंद झाले, तर देवावर आणि देवाच्या सेवकांवर रागावण्यास याहून सबळ कारण कोणते? आपल्या धर्मग्रामातही असे प्रसंग घडतात. गायनवृंदात नाव आले नाही, समितीवर निवड झाली नाही, एखाद्या सणाला मानाची जागा मिळाली नाही, की माणूस मिस्सेला येणे सोडतो आणि आपण सैतानाच्या नव्हे, केवळ माणसांच्या रागाने दूर राहिलो, अशी मनाची समजूत घालतो. सैतानाला तेवढे पुरते. गोन्सालो यांनी संघाची चाकरी सोडली, परंतु ख्रिस्तसभेचा उंबरठा सोडला नाही.

पुढे ते व्यापारात शिरले. भाषा अवगत, स्वभाव मनमिळाऊ, ओळखी पुष्कळ; त्यामुळे थोड्याच वर्षांत जपानच्या बंदरांत त्यांचा व्यापार भरभराटीस आला. मालाच्या निमित्ताने त्यांचे मनिलापर्यंत येणेजाणे सुरू झाले. व्यापार करणे हे पाप नव्हे, हे आम्ही येथे स्पष्ट सांगू इच्छितो. संसारी माणसाने कष्टाने मिळवावे, मुलाबाळांना शिकवावे आणि म्हातारपणाची तरतूद करावी, यात देवाचा कोप होण्यासारखे काहीच नाही. परंतु पैशाचा एक स्वभाव आहे. तो प्रथम नोकर म्हणून घरात येतो, मग पाहुण्यासारखा बैठकीत बसतो आणि एके दिवशी धनी होऊन किल्ल्या मागू लागतो. तो दिवस केव्हा उगवला हे घरच्या माणसांना बहुधा कळत नाही.

गोन्सालो यांनी किल्ल्या दिल्या नाहीत. मनिला येथे त्यांचा फ्रान्सिस्कन संघाच्या साधूंशी परिचय झाला. त्या संघाचे संस्थापक असिसीचे संत फ्रान्सिस हेही एका कापडव्यापाऱ्याचे पुत्र. त्यांनीही बापाची पेढी टाकून दारिद्र्य स्वीकारले होते. एका व्यापाऱ्याला दुसऱ्या व्यापाऱ्याच्या मुलाची वाट सापडली. ऐन भरभराटीत गोन्सालो यांनी व्यापार सोडला आणि त्या संघात धर्मबंधू म्हणून प्रवेश केला. ज्याच्या शब्दावर माल जहाजात चढत आणि उतरत असे, तो आता जाड्याभरड्या झग्यात, कमरेला दोरी बांधून, दुसऱ्याच्या आज्ञेत राहू लागला. पहिल्या वेळी नाकारले गेल्याची खंत त्यांनी मनात कुजू दिली असती, तर दुसरे दार ठोठावण्याचे धैर्य त्यांना झाले नसते.

या सुमारास जपानची सत्ता तोयोतोमी हिदेयोशी याच्या हाती होती. १५८७ साली त्याने परदेशी धर्मगुरूंना देश सोडण्याचा हुकूम काढला होता, आणि पुढे फिलिपाइन्स बेटांनी आपले स्वामित्व मान्य करावे असा आग्रह धरला. तेव्हा मनिलाच्या स्पॅनिश सुभेदाराने १५९३ साली फादर पेद्रो बाप्तिस्ता यांच्या नेतृत्वाखाली एक वकिलात जपानला पाठवली. बंधू गोन्सालो त्यांचे दुभाषी होऊन गेले. ज्या देशात ते पूर्वी धर्मशिक्षक म्हणून आणि मग व्यापारी म्हणून वावरले, तेथे ते आता अनवाणी साधू म्हणून परतले.

दुभाष्याचे काम मोठे निसरडे असते. सत्ताधीशाच्या समोर उभे राहून दुसऱ्याचा शब्द जसाच्या तसा पोचवायचा, त्याची मर्जीही राखायची आणि सत्यही सोडायचे नाही. एखादा शब्द इकडचा तिकडे केला तर स्वतःचे कल्याण होईल, असा मोह तेथे क्षणोक्षणी असतो. या दरबारी वर्दळीतून त्या साधूंनी आपल्यासाठी काय मिळवले? मियाको, म्हणजे आजचे क्योतो, या नगरात राहण्यास थोडी जागा. तेथे त्यांनी चर्च उभारले आणि त्याच्या आश्रयाने महारोग्यांसाठी व गोरगरिबांसाठी रुग्णालये चालवली. ज्यांना गावाने वेशीबाहेर टाकले होते, त्यांच्या जखमा धुण्यात बंधू गोन्सालो व त्यांचे सोबती यांचे दिवस जाऊ लागले. मोहापासून दूर राहण्याचा याहून खात्रीचा उपाय आम्हास ठाऊक नाही. रिकामे हात आणि रिकामे मन यांत मोह घर करतो. दुसऱ्याच्या दुःखात गुंतलेल्या माणसाकडे त्याला बसावयास जागा मिळत नाही.

१५९६ च्या ऑक्टोबरात सान फेलिपे नावाचे स्पॅनिश गलबत वादळात सापडून जपानच्या तोसा किनाऱ्यावर फुटले. त्यावरील मौल्यवान माल हिदेयोशीने जप्त केला, आणि त्यातून उठलेल्या संशयाच्या वावटळीत, हे धर्मगुरू परकीय राजाच्या सैन्याची वाट मोकळी करण्यास आले आहेत, असे त्याच्या मनाने घेतले. डिसेंबरात साधूंच्या घरांवर पहारे बसले. मियाको येथे २४ बंदिवानांच्या डाव्या कानाची पाळी कापण्यात आली व त्यांना गाड्यांत बसवून नगरातून फिरवण्यात आले. मग ऐन हिवाळ्यात त्यांची नागासाकीकडे पायपीट सुरू झाली. हे अंतर सुमारे ८०० किलोमीटर. आमच्या पाचगणीहून निघून नागपूर गाठण्याइतके. वाटेत या बंदिवानांची सेवा करणारे आणखी दोघे पकडले गेले आणि संख्या २६ झाली. त्यांत ६ फ्रान्सिस्कन, ३ येशूसंघीय आणि १७ प्रापंचिक होते. २६ पैकी २० जण जपानी होते.

या २६ जणांत मुलेही होती. लुई इबाराकी हा अवघा १२ वर्षांचा. धर्म सोडशील तर जीव वाचवतो, असे अधिकाऱ्याने त्याला सुचवले. लवकर संपणाऱ्या आयुष्यासाठी कधीही न संपणारे आयुष्य देऊन टाकणे हा शहाण्याचा सौदा नव्हे, अशा अर्थाचे उत्तर त्या बालकाने दिले. आन्तोनियो नावाच्या १३ वर्षांच्या मुलापुढे तर त्याचे स्वतःचे आईबाप रडत उभे राहिले. मोह नेहमी शत्रूच्या वेषात येत नाही. पुष्कळदा तो प्रेमाच्या माणसांच्या डोळ्यांतून आपल्याकडे पाहतो, आणि म्हणूनच त्याला नाही म्हणणे अतिशय कठीण जाते. त्या मुलाने आईबापांचे सांत्वन केले, पण पाऊल मागे घेतले नाही.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर २६ क्रूस मांडून ठेवले होते. बंधू गोन्सालो सर्वांच्या आधी तेथे पोचले, असे सांगतात. एका क्रूसाजवळ जाऊन, हा माझा काय, अशी त्यांनी विचारणा केली. तो त्यांचा नव्हता. दुसऱ्या क्रूसाकडे नेताच त्यांनी गुडघे टेकून त्यास आलिंगन दिले. आपल्या वाट्याचा क्रूस कोणता हे विचारून घेणारा आणि दुसऱ्याच्या क्रूसाची बरोबरी न करणारा असा हा माणूस होता. भाल्यांच्या घावांनी त्या सर्वांचे प्राण घेतले. गोन्सालो तेव्हा सुमारे ४० वर्षांचे होते. ज्या संघाने त्यांना पूर्वी घेतले नाही, त्या संघाचे तिघेजण त्याच टेकडीवर, त्यांच्याच रांगेत, त्याच प्रभूसाठी मरण पावले. पृथ्वीवर जे दार बंद झाले होते, त्याचे दुःख त्या दिवशी उरले नसावे.

१६२७ साली पोप आठवे उर्बान यांनी या रक्तसाक्षींना धन्य म्हणून घोषित केले आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद दिले. अशा रीतीने वसईचे गोन्सालो गार्सिया हे भारतात जन्मलेले पहिले संत ठरले. त्या टेकडीवर १९६२ साली २६ मूर्तींचे स्मारक उभारण्यात आले. ज्या किल्ल्यात त्यांनी अक्षरे गिरवली, तो १७३९ साली चिमाजी अप्पांच्या सैन्याने जिंकला आणि पुढे ओसाड पडला. आज तेथे पडक्या भिंती आणि झाडेझुडपे आहेत. परंतु वसईच्या ख्रिस्ती घरांत त्यांचे नाव अजूनही घेतले जाते आणि त्यांच्या नावाचे महाविद्यालयही तेथे चालते. दगडी तट राहिले नाहीत, माणसाची निष्ठा राहिली.

आता आपल्याकडे वळू. पाचगणी हे पाच डोंगरांच्या कुशीतले गाव. खाली कृष्णेचे खोरे, वर टेबललँडचे विस्तीर्ण पठार, आणि १८९५ पासून ख्रिस्ती भगिनींच्या शाळेत घुमणारी प्रार्थना. गाव शांत खरे, परंतु जग येथे स्वतः चालून येते. सुट्टीच्या हंगामात खिसे भरलेली माणसे घाट चढून येतात, त्यांच्या मोटारी, त्यांचे कपडे, त्यांची उधळपट्टी आपली मुले रोज पाहतात. हंगामात दर थोडा वाढवून सांगावा, मापात थोडे कमी द्यावे, लग्नात शेजाऱ्याहून मोठा मांडव घालण्यासाठी कर्ज काढावे, रात्रीच्या जपमाळेच्या वेळी प्रत्येकाने आपापल्या मोबाइलच्या उजेडात मान खाली घालून बसावे. हे आपल्या दिवसांचे मोह आहेत. यांत कोणी भाला उगारून उभा नाही, म्हणूनच ते अधिक घातकी आहेत.

संत गोन्सालो यांच्या चरित्रातून आम्हास चार साध्या गोष्टी घ्याव्याशा वाटतात. मन दुखावले तरी मिस्सा सोडू नये. मिळकतीचा हिशोब रोज रात्री देवासमोर करावा आणि त्यातला काही भाग ज्याच्याकडून परतफेड होणार नाही अशाच्या हाती द्यावा. ज्याच्या मर्जीवर आपली भाकरी अवलंबून आहे त्याच्यासमोरही शब्द खरा ठेवावा. आणि मोहाशी एकट्याने झुंजू नये. पापनिवेदन, पवित्र कम्युनियन आणि घरातील एकत्र प्रार्थना यांचा आधार घ्यावा. निशिझाकाच्या टेकडीवरही कोणी एकटा नव्हता, २६ जण एकमेकांच्या आधाराने उभे होते.

६ फेब्रुवारीला ख्रिस्तसभा या रक्तसाक्षींचे स्मरण करते. महोत्सवाची तोरणे तोवर उतरलेली असतील, मांडवही मोडलेला असेल. त्या दिवशी प्रत्येक घराने एक दिवा लावून, आपल्या वाट्याचा क्रूस कोणता हे प्रभूला विचारावे, आणि तो दाखवील त्यास गोन्सालो यांच्याप्रमाणे गुडघे टेकून कवटाळावे, एवढीच आमची विनंती आहे. संत गोन्सालो गार्सिया आपल्या धर्मग्रामासाठी प्रभूजवळ मध्यस्थी करोत. आमेन.