विश्लेषण : रॉडवर नाव एकाचे, बनवणारा दुसराच! कार्बन रॉडच्या जन्मकथेतील रिचर्ड वॉकर कोण होते?

बेंबळा, अरुणावती किंवा पूस धरणाच्या काठावर गळ टाकून तासन्‌तास बसलेली माणसे यवतमाळ जिल्ह्याला नवी नाहीत. काहींच्या हातात आजही बांबूची काठी असते, तर काहींकडे ऑनलाइन मागवलेला काळा, हलका ‘कार्बन’ रॉड. या रॉडवर कंपनीचे नाव ठळक छापलेले असते. तो प्रत्यक्षात कोणत्या कारखान्यात आणि कोणाच्या हातून तयार झाला, हे मात्र त्या नावावरून कळेलच असे नाही. जुन्या कार्बन रॉडचे संग्राहक जगभर याच प्रश्नाचा माग काढत असतात. हा माग इंग्लंडकडे वळला की रिचर्ड वॉकर हे नाव हमखास पुढे येते. व्यवसायाने गवत कापण्याची यंत्रे बनवणारा हा इंजिनीअर मासेमारीच्या साधनांच्या इतिहासात इतका महत्त्वाचा का मानला जातो?

वॉकर मुळात कोण?

रिचर्ड स्टुअर्ट वॉकर यांचा जन्म १९१८ चा, इंग्लंडमधील हर्टफर्डशायर परगण्यातील हिचिन गावचा. केंब्रिज विद्यापीठात ते अभियांत्रिकी शिकत असतानाच दुसरे महायुद्ध सुरू झाले. युद्धकाळात त्यांनी फार्नबरो येथील ‘रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंट’ या सरकारी विमान संशोधन संस्थेत रडारवर काम केले. फार्नबरो हे नाव लक्षात ठेवावे, कारण पुढे कार्बन तंतूंच्या गोष्टीत तेच पुन्हा येते.

युद्धानंतर ते लेचवर्थ येथील ‘लॉइड्स’ या गवतकापणी यंत्रे बनवणाऱ्या कौटुंबिक व्यवसायात रमले. मासेमारी हा फावल्या वेळचा छंद होता, पण त्याकडे पाहण्याची दृष्टी कारखान्यातली होती. एखादे साधन काम देत नसेल तर ते का देत नाही हे मोजून पाहायचे, दुसरे करून पाहायचे, तेही जमले नाही तर तिसरे. त्या काळी इंग्लंडमध्ये गळाची मासेमारी बरीचशी वाडवडिलांच्या सांगण्यावर आणि दुकानदाराच्या शब्दावर चालत असे. वॉकर यांनी तिथे पट्टी, वजनकाटा आणि गणित आणले.

एका माशाने नाव कसे झाले?

१९५० च्या सुमारास इंग्रज गळकऱ्यांमध्ये एक समज घट्ट होता. मोठा कार्प मासा गळाला लागत नाही आणि लागलाच तर सुटतो. हा कार्प म्हणजे आपल्याकडच्या धरणांत सोडला जाणारा आणि बाजारात ‘सायप्रिनस’ म्हणून मिळणारा मासा. आपल्या लेखी तो रोहू-कटल्याच्या पंगतीतला, इंग्लंडमध्ये मात्र तो जवळजवळ दंतकथाच होता. बॉब रिचर्ड्स यांनी १९५१ मध्ये हेरफर्डशायरमधील रेडमायर या लहानशा तळ्यात ३१ पौंडांचा कार्प पकडला आणि तोच विक्रम ठरला.

वॉकर यांनी या प्रश्नाचे तुकडे केले. मोठा कार्प रात्री खातो, मग रात्रभर जागे कसे राहायचे? त्यांनी विजेचा बझर तयार केला. माशाने दोरा ओढला की संपर्क जुळतो आणि आवाज होतो. मासा जोरात पळतो तेव्हा काठी मोडते किंवा दोरा तुटतो, मग काठी कशी वाकली पाहिजे? यासाठी त्यांनी एकामागून एक काठ्या स्वतःच्या हाताने बनवल्या. त्यातली चौथी जमली. ‘मार्क फोर’ या नावाने ती आजही ओळखली जाते.

१३ सप्टेंबर १९५२ रोजी रेडमायरमध्येच त्यांच्या गळाला ४४ पौंडांचा, म्हणजे सुमारे २० किलोंचा कार्प लागला. आधीच्या विक्रमापेक्षा तब्बल १३ पौंडांनी जास्त. मासा कापला गेला नाही की पेंढा भरून भिंतीवरही लागला नाही. तो जिवंत लंडनच्या प्राणिसंग्रहालयात गेला, लोकांनी त्याचे नाव ‘क्लॅरिसा’ ठेवले आणि १९७१ पर्यंत तो तिथल्या मत्स्यालयात राहिला. वॉकर यांचा विक्रम १९८० मध्ये मोडला, तोही त्याच तळ्यात.

१९५३ मध्ये ‘अँगलिंग टाइम्स’ हे साप्ताहिक सुरू झाले आणि त्यात वॉकर यांनी जवळपास तीन दशके स्तंभ लिहिला. हौशी लोकांनी घरच्या घरी काठी कशी बनवावी, यावर त्यांचे पुस्तक १९५२ मध्येच आले होते. जे जमले ते जगाला सांगून टाकायचे, हा त्यांचा स्वभाव. संग्राहकांना आज त्याचाच त्रास होतो. बी. जेम्स या लंडनच्या कारागिरांनी मार्क फोर काठ्या बनवून विकल्या, इतरांनीही बनवल्या आणि पुस्तके वाचून कितीतरी हौशी लोकांनी आपापल्या घरात बनवल्या. आज लिलावात मार्क फोर म्हणून काठी आली की ती नेमकी कोणाच्या हातची, हा पहिला प्रश्न असतो.

यात विदर्भाच्या बांबूचा काय संबंध?

मार्क फोर ही कार्बनची नव्हे, चिरलेल्या बांबूची काठी होती. बांबूच्या सहा त्रिकोणी पट्ट्या तासून, एकत्र चिकटवून षटकोनी काठी करायची ही पद्धत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत हायरम लेनर्ड यांनी ती व्यापारी पातळीवर नेली, तर इंग्लंडमध्ये १८७२ मध्ये स्थापन झालेल्या हार्डी बंधूंच्या कंपनीने.

या सुरुवातीच्या काठ्यांसाठी लागणारा बांबू भारतातून जात असे. कोलकाता बंदरातून जहाजावर चढायचा म्हणून त्याचे नावच ‘कलकत्ता केन’ पडले. तो बहुतांशी आपला मानवेल होता, असे मानले जाते. विदर्भाच्या सागवानी जंगलात वाढणारा, जवळजवळ भरीव आणि लाठी म्हणून वापरला जाणारा हाच बांबू. पुढे चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातील सरळ वाढणाऱ्या ‘टोंकिन’ बांबूने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याची जागा घेतली. बांबू कोणत्या जंगलातला आणि कोणी तोडला, याची नोंद कोणत्याही काठीवर नाही. नाव फक्त शेवटी विकणाऱ्याचे.

१९५० मध्ये कोरियन युद्धामुळे अमेरिकेने चिनी मालावर बंदी घातली, टोंकिन बांबू मिळेनासा झाला आणि काचतंतूंच्या म्हणजे फायबरग्लासच्या काठ्यांचे दिवस आले.

मग कार्बन कुठून आला?

कार्बन तंतू म्हणजे माणसाच्या केसाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतके बारीक धागे. त्यातील कार्बनचे अणू पेन्सिलमधल्या ग्रॅफाइटसारख्या थरांत रचलेले असतात, म्हणून अमेरिकेत या काठ्यांना ‘ग्रॅफाइट’ म्हणतात. काचतंतूंपेक्षा हे धागे वजनाला हलके आणि ताठपणात सुमारे तिप्पट.

अमेरिका आणि जपानमध्ये या तंतूंवर आधीपासून प्रयोग सुरू होते. मजबूत तंतू भरवशाने तयार करण्याची पद्धत १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात फार्नबरोच्या विल्यम वॉट, लेस्ली फिलिप्स आणि डब्ल्यू. जॉन्सन यांनी विकसित केली. हेतू विमानांचा होता. रोल्स-रॉइसने आपल्या नव्या जेट इंजिनाच्या पंख्याची पाती याच तंतूंची करायचे ठरवले. चाचणीत पक्षी आदळण्याचा मारा ती पाती सोसू शकली नाहीत. त्या इंजिनाच्या खर्चात कंपनी फेब्रुवारी १९७१ मध्ये दिवाळखोरीत गेली.

पक्ष्याच्या धडकेने मोडणारे हे साहित्य मासेमारीच्या काठीसाठी मात्र जणू घडवलेलेच होते. वॉकर तोपर्यंत कार्पकडून ट्राउट माशाकडे, म्हणजे फ्लाय फिशिंगकडे वळले होते. या प्रकारात गळाला पिसे आणि दोरा बांधून केलेली खोटी माशी असते. तिला स्वतःचे वजन जवळजवळ नसते. फेकायचा असतो तो जाड, जड दोरा आणि त्याला वेग देण्याचे सारे काम काठीचे. ग्रॅफॅमसारख्या मोठ्या जलाशयांवर दिवसभर लांब फेक करताना बांबूच्या काठीने मनगट आणि खांदा भरून येई. काठी हलकी आणि ताठ झाली तर फेक वाढेल, हे गणित वॉकर यांच्यासारख्या इंजिनीअरला कोणी समजावण्याची गरज नव्हती. १९६० च्या दशकाच्या अखेरीस फार्नबरोचे तंतू, हार्डी कंपनीची कारागिरी आणि वॉकर यांचे काठी कशी वाकावी याचे ज्ञान एकत्र आले. प्रायोगिक कार्बन काठ्या तयार झाल्या आणि पाण्यावर तपासल्या गेल्या.

मग पहिली कार्बन काठी कोणाची?

उत्तर प्रश्न कसा विचारला यावर ठरते. प्रयोग म्हणून पाहिले तर ब्रिटनचा दावा भक्कम आहे. बाजारात विकली गेलेली काठी म्हटले तर जपान पुढे येतो. तिथे १९७२ मध्ये ‘ऑलिम्पिक’ या कंपनीने आयू नावाच्या नदीतील माशासाठी लांब कार्बन काठी आणली. फ्लाय फिशिंगचा ग्रॅफाइट रॉड बाजारात रुजवण्याचे श्रेय मात्र अमेरिकेतील ‘फेनविक’ला दिले जाते. १९७३ मध्ये तिने ‘एचएमजी’ ही मालिका आणली. जिम ग्रीन हे तिचे नामांकित रचनाकार. हार्डीचे कार्बन रॉड त्यानंतर, सत्तरच्या दशकाच्या मध्यास दुकानांत स्थिरावले.

म्हणजे तंतू तयार करण्यात आघाडीवर असलेला देश काठी विकण्यात मागे राहिला. हार्डीच्या काही रॉडवर वॉकर यांचे नाव छापले गेले, त्यामुळे ब्रिटिश वाचकाच्या मनात कार्बन काठी आणि वॉकर यांचे नाते पक्के झाले. तंतू शोधणाऱ्या वॉट, फिलिप्स आणि जॉन्सन यांची नावे छापलेला रॉड मात्र शोधून सापडणे अवघड. वॉकर यांनी हा पदार्थ शोधला, असे कधीकधी सांगितले जाते, ते बरोबर नाही. त्यांनी त्याला पाण्याकाठी आणण्यात मोठा हातभार लावला. तेवढेही कमी नाही.

जुन्या रॉडच्या खऱ्या निर्मात्याचा माग कसा काढतात?

रॉडचा मुख्य भाग म्हणजे पोकळ नळी, तिला ‘ब्लँक’ म्हणतात. राळेत भिजवलेले कार्बनचे कापड ठरावीक आकारात कापून निमुळत्या पोलादी सळईवर गुंडाळतात, वरून फीत आवळतात, भट्टीत भाजतात आणि सळई ओढून काढतात. सळया आणि भट्टी असलेले कारखाने मोजकेच होते. त्यांच्याकडून नळ्या घेऊन मूठ, कड्या आणि नाव लावून विकणारे बरेच. त्यामुळे सत्तर-ऐंशीच्या दशकांतील दोन वेगळ्या नावांचे रॉड एकाच भट्टीतून निघालेले असू शकतात.

म्हणून जाणकार आधी नाव बाजूला ठेवतात आणि नळी बघतात. फितीचे बारीक वळसे नळीवर तसेच दिसतात की घासून काढले आहेत, ही पहिली खूण. दोन तुकडे जोडण्याची पद्धत ही दुसरी आणि बहुधा सर्वांत बोलकी. धातूची टोपी आहे, आत भरीव खुंटी आहे की एक नळी दुसऱ्या नळीवर चढते? मग रंग, बुचाच्या मुठीचा आकार, रीळ बसवण्याच्या जागेची धातूकामाची पद्धत आणि मुठीच्या वर हाताने लिहिलेला क्रमांक. रॉडवर ‘ग्रॅफाइट’ लिहिले असेल तर अमेरिका आणि ‘कार्बन फायबर’ असेल तर ब्रिटन, हा ढोबळ अंदाज उपयोगी पडतो, पण निर्यातीसाठी नावे बदलत असल्याने त्यावर पैज लावू नये. शेवटी सगळे त्या त्या वर्षीच्या कंपनीच्या छापील सूचीशी ताडून पाहावे लागते. जुन्या सूची म्हणूनच कधीकधी रॉडइतक्याच जपल्या जातात.

कड्यांवरचा दोरा बदललेला असेल तर काम कठीण होते. दुरुस्ती करणाऱ्याने हौसेने चांगला रॉड नवा करून दिला की निम्म्या खुणा पुसल्या जातात. घरात असा जुना रॉड असेल तर घासूनपुसून वार्निश लावण्याआधी त्याचे जवळून फोटो काढून ठेवलेले बरे. आणखी एक, कार्बनमधून वीज वाहते. बांबूच्या कोरड्या काठीच्या सवयीने हा रॉड विजेच्या तारांखालून उभा धरून नेणे जिवावर बेतू शकते. कालव्याच्या कडेने तारा असतील तिथे तो आडवा, सुटा करून न्यावा.

वॉकर यांचे पुढे काय झाले?

१९८५ च्या ऑगस्टमध्ये वयाच्या ६७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. तोवर कार्बनने बांबू आणि काच या दोघांनाही बाजारातून जवळपास हटवले होते. त्यांनी पर्च माशासाठी आर्लसी तळ्यावर घडवलेले शिशाचे वजन ‘आर्लसी बॉम्ब’ या नावाने आजही विकले जाते. त्यांच्या स्वतःच्या हातच्या बांबूच्या काठ्या मोजक्या. त्यातली एखादी विक्रीला आली तर ती त्यांचीच आहे हे ठरवण्यासाठी पुन्हा त्याच खुणा तपासल्या जातात : जोड, दोरा, मूठ, पट्ट्यांची तासणी आणि कोणाकडून कोणाकडे गेली याची कागदपत्रे.