डार्विनची वीस वर्षे

चार्ल्स डार्विनचा जन्म इंग्लंडमधील श्रूजबरी या गावी १२ फेब्रुवारी १८०९ रोजी झाला. वडील नामांकित डॉक्टर होते. मुलानेही डॉक्टर व्हावे म्हणून त्यांनी त्यास एडिंबरा येथे धाडले. परंतु त्या काळी रोग्यास गुंगीचे औषध न देताच शस्त्रक्रिया करीत. ते दृश्य न पाहवून चार्ल्स जो बाहेर पळाला, तो पुन्हा तिकडे फिरकलाच नाही. तेव्हा धर्मोपदेशक होण्यासाठी त्याची रवानगी केंब्रिजला झाली. तेथे पुस्तकांपेक्षा भुंगेऱ्यांवरच त्याचे प्रेम अधिक! एकदा दोन्ही हातांत दोन दुर्मिळ भुंगेरे असताना तिसरा दिसला, म्हणून त्याने हातातला एक चक्क तोंडात धरला. त्या प्राण्याने असा जळजळीत रस सोडला की, तो थुंकून टाकावा लागला आणि तिसराही निसटला.

डिसेंबर १८३१ मध्ये 'बीगल' जहाजातून तो पृथ्वीप्रदक्षिणेस निघाला. हा प्रवास सुमारे पाच वर्षे चालला. पाठीवरील कवच पाहून कासव कोणत्या बेटावरचे आहे हे सांगता येते, असे गालापागोस बेटांवरील एका अधिकाऱ्याने त्यास सांगितले. त्या वेळी त्याने तिकडे फारसे लक्ष दिले नाही. पुढे मात्र तीच गोष्ट त्याच्या मनात घोळू लागली. ईश्वराने प्रत्येक जात निराळी व कायमची निर्माण केली, असे तेथील बहुतेक लोक बायबलच्या आधारे मानीत. निघताना डार्विनही तसेच मानीत होता. मग शेजारच्याच बेटांवर हा भेद का? विचारांती त्याला उलगडा झाला. जगण्याच्या धडपडीत ज्याच्या अंगी परिस्थितीस उपयोगी असा गुण असतो, तो प्राणी तगतो. तो गुण संततीत उतरतो. आणि असे फार दीर्घ काळ चालले म्हणजे जुन्या जातीतून नवी जात उत्पन्न होते.

१८३९ मध्ये त्याने एमाशी विवाह केला. ती अत्यंत श्रद्धाळू होती. धर्माविषयीच्या शंका पत्नीस सांगू नयेत, असा वडिलांचा सल्ला होता. तो त्याने मानला नाही. मृत्यूनंतर आपली कायमची ताटातूट होईल, ही भीती एमाने त्यास पत्र लिहून कळविली. ते पत्र त्याने जन्मभर जपले. १८४४ मध्ये त्याने आपला सिद्धांत विस्ताराने लिहिला, पण छापला नाही. आपण अकस्मात मरण पावलो तर तो प्रसिद्ध करावा, अशी चिठ्ठी मात्र लिहून ठेवली. आणि तीही एमाच्याच नावाने!

१८५८ मध्ये मलाया द्वीपसमूहातून आल्फ्रेड वॉलेसचा एक लेख आला. त्यात हाच सिद्धांत होता. तेव्हा त्याच वर्षी दोघांचेही लेखन लंडनच्या विद्वत्सभेत वाचले गेले, आणि १८५९ मध्ये डार्विनचा ग्रंथ निघाला. लोकांत मोठीच खळबळ उडाली. १८६० मध्ये ऑक्सफर्डच्या सभेत बिशप विल्बरफोर्सने त्यावर कडाडून टीका केली. टॉमस हक्स्लेने त्यास सडेतोड उत्तर दिले. डार्विन मात्र आजारी असल्याने सभेस नव्हता.

१८८२ मध्ये तो मरण पावला. ज्या धर्माचे लोक त्याच्यावर रुष्ट झाले होते, त्याच धर्माच्या वेस्टमिन्स्टर ॲबी या मंदिरात, न्यूटनच्या समाधीजवळ, त्याचे दफन झाले. एमा त्या दिवशी डाउन गावच्या घरीच राहिली.